रात्रीचा रिकामा कप्पा

काका आले तेव्हा त्यांच्या हातात वही होती आणि मुलीच्या हातात गोळ्यांची डबी. आधी डबी उघडायला हवी होती. मी वही उघडली.

सुरुवातीलाच सांगते, हे काका म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. नायट्रेट, म्हणजे हृदयामुळे छातीत होणाऱ्या दुखण्यावरचं एक औषध, घेणाऱ्या रुग्णांत पुन्हा पुन्हा दिसणारे प्रसंग एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. औषधं, त्यांची मात्रा आणि वेळा मात्र खरोखर वापरात असलेल्याच आहेत.

आधीची हकिगत

वय ६४. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. उरलेल्या बारीक फांद्या जागोजागी अरुंद झालेल्या, पण स्टेंट घालावा किंवा बायपास जोडावा अशी एकही जागा त्यांत नाही. अशा माणसाचं दुखणं औषधांवरच सांभाळावं लागतं. अॅस्पिरिन, अॅटोरव्हास्टॅटिन आणि मेटोप्रोलॉल चालू होतं. तरी दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्या चढताना छातीच्या मधोमध दडपण यायचं आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत ओसरायचं. ठरावीक श्रमाला ठरावीक दुखणं, म्हणजे स्थिर अंजायना.

मेटोप्रोलॉल नाडी संथ करतं, ते वाढवायला जागा नव्हती, नाडी आधीच ५६ होती. अॅम्लोडिपिन देऊन पाहिलं तर आठवड्याभरात घोटे सुजले. तेव्हा तिसरा पर्याय म्हणून आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट सुरू केलं. पहिले काही दिवस १० मिलिग्रॅम, मग २० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सकाळी ८ आणि दुपारी ३ वाजता.

या औषधाकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे इथेच सांगितलेलं बरं. शरीरात गेल्यावर नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले स्नायू सैल पडतात. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त सैलावतात त्या शिरा, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या. रक्त तिथे जरा जास्त थांबतं, हृदयात कमी येतं, हृदय कमी ताणलं जातं आणि त्याची ऑक्सिजनची गरज उतरते. हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्याही थोड्या रुंदावतात, पण मुख्य काम हे ओझं उतरवण्याचंच. त्याने अरुंद झालेली जागा मोकळी होत नाही. आयुष्य वाढतं असंही दिसलेलं नाही. हृदयविकाराच्या झटक्याच्या ५८ हजारांवर रुग्णांना घेऊन झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-४ या चाचणीत मोनोनायट्रेटने मृत्यू कमी झाल्याचं आढळलं नाही. म्हणजे ही गोळी घ्यायची ती दुखू नये एवढ्यासाठीच. दुखायचं थांबत नसेल, तर ती घ्यायला दुसरं कारणच उरत नाही.

सुरुवातीला काकांना डोकेदुखीने हैराण केलं. गोळी घेतल्यावर तासाभरात कानशिलं ठणकायची. डोक्यातल्या वाहिन्याही रुंदावतात, त्याचा हा परिणाम. पॅरासिटामॉल घेऊन चालेल, थोडे दिवस काढा, असं सांगितलं होतं. दहा-बारा दिवसांत ती सौम्य झाली, सकाळच्या गोळीनंतर जराशी जाणवे इतकीच. आणि दोन मजले न थांबता चढता येऊ लागले. वहीत तेव्हाच्या तारखांपुढे नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत.

तीन महिन्यांनी

आता तीच वही पुन्हा भरू लागली होती. गेले तीन आठवडे छातीत दडपण. आधी दुसऱ्या मजल्यावर, मग पहिल्यावरच, आणि गेल्या दोन दिवसांत सकाळी अंघोळ उरकून अंग पुसतानाही. दुखू लागलं की जिभेखाली ठेवायची गोळी, तीही नायट्रेटचीच, महिन्यात एखादी लागायची, ती आता आठवड्यात चार-पाच.

"गोळीची ताकद कमी पडतेय बहुतेक, डॉक्टर," काका म्हणाले. "वाढवून द्या."

असं ऐकलं की मात्रा वाढवायचा मोह होतो. पण थोड्या श्रमाला आणि वरचेवर दुखू लागणं याचा पहिला अर्थ औषध कमी पडतंय असा घ्यायचा नसतो. रक्तवाहिनीतला एखादा थर फुटून तिथे गुठळी धरू लागली असेल, तरी हकिगत हुबेहूब अशीच असते. ते अस्थिर अंजायना, झटक्याच्या उंबरठ्यावरची अवस्था. ते नाही अशी खात्री होईपर्यंत ते आहे असंच धरायचं. म्हणून वही मिटली आणि काकांना निरीक्षणाखाली ठेवलं. ईसीजी जुन्याशी ताडून पाहिला, फरक नव्हता. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने दोनदा तपासलं, दोन्ही वेळा सामान्य. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक. रक्तक्षय किंवा थायरॉइडचा अतिरेक असला तरी हृदयाची मागणी वाढून जुनं दुखणं डोकं वर काढतं, म्हणून ते पाहायचं. विश्रांतीत एकदाही दुखलं नव्हतं. कुठल्याही वेळचं दडपण पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकलं नव्हतं.

एवढं झाल्यावर मी औषधांकडे वळले. वेळेवर घेता ना, हा प्रश्न विचारला आणि हमखास मिळतं ते उत्तर मिळालं. "एकही चुकवलेली नाही." हे उत्तर शब्दशः खरं होतं, आणि घोळही त्यातच होता.

वहीत एक रकाना डोकेदुखीचा होता. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत जवळजवळ रोज बारीकशी टिंबं दिसतात. मग चार-पाच दिवसांत टिंबं नाहीशी झाली ती झालीच.

"डोकं दुखायचं एकदम थांबलं का?"

"हो ना! तेवढं मात्र छान झालं."

नायट्रेटची डोकेदुखी बऱ्याच जणांची सावकाश कमी होते आणि छातीवरचा गुण कायम राहतो, त्यात काही वावगं नाही. पण ती एकाएकी साफ जाते आणि त्याच आठवड्यात छाती दुखू लागते, तेव्हा शरीराने औषधाला दाद देणं बंद केलं असण्याची शंका घ्यावी लागते. डोक्यातल्या वाहिन्यांनाही ते जाणवेनासं झालं आणि छातीतल्यांनाही.

डबी

मुलीने डबी पुढे केली. फिकट निळ्या प्लास्टिकची, सात वारांची, प्रत्येक वाराला दोन झाकणं. एकावर सूर्याचं चित्र, दुसऱ्यावर चंद्राचं. बाबांचा गोंधळ होऊ नये म्हणून तिने ती तीन आठवड्यांपूर्वी आणली होती आणि दर रविवारी स्वतः भरत होती. चिठ्ठीवर "दिवसातून दोनदा" लिहिलेलं. दोनदा म्हणजे एक सूर्यात, एक चंद्रात. दुपारी तीनचं चित्र त्या डबीवर नव्हतंच.

म्हणजे सकाळी ८ आणि दुपारी ३ ऐवजी सकाळी ८ आणि रात्री ८. गोळ्या तेवढ्याच, मात्रा तेवढीच, एकही चुकलेली नाही.

यात मुलीचं काय चुकलं? बहुतेक औषधांच्या बाबतीत तिने केलं तेच योग्य ठरलं असतं. प्रतिजैविक असो की रक्तदाबाची गोळी, बारा-बारा तासांनी घेतली की रक्तातली पातळी सारखी राहते आणि आपल्याला तेच हवं असतं. नायट्रेटचं उलट आहे. पातळी सारखी राहिली की ते निकामी होतं. चिठ्ठीवर वेळ न लिहिता नुसतं "दोनदा" लिहिलं, चूक तिथे होती. ती चिठ्ठी माझ्या हातची. तोंडी सांगितलं होतं, हा बचाव मी स्वतःलाही देत नाही.

आकडेमोड सोपी आहे. मोनोनायट्रेटची रक्तातली पातळी साधारण दर पाच तासांनी निम्मी होते. शेवटची गोळी दुपारी तीनला घेतली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत १७ तास मिळतात, म्हणजे पातळी तीनदा निम्मी होऊन वर थोडी आणखी उतरते आणि दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. शेवटची गोळी रात्री आठला घेतली तर मिळतात फक्त १२ तास, आणि सकाळी पाचवा हिस्सा अजून रक्तात फिरत असतो. त्यावर पुन्हा नवी गोळी. वाहिन्यांना मोकळा श्वासच मिळत नाही. नायट्रेटचा मारा अखंड राहिला तर एक-दोन दिवसांतच हा बोथटपणा येऊ लागतो. पेशींमध्ये ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, वाहिन्या आवळणारी संप्रेरकं जोर करतात. मग मात्रा दुप्पट केली तरी हाती काही लागत नाही. रोज १० ते १४ तास नायट्रेट जवळजवळ नसलेले गेले, की दुसऱ्या दिवशीची गोळी पुन्हा लागू पडते. त्वचेवर लावायच्या नायट्रोग्लिसरीन या दुसऱ्या नायट्रेटच्या पट्टीचाही हाच नियम: १२ ते १४ तास लावायची, मग काढून टाकायची. "रात्रभर राहू दे, जास्त फायदा होईल" म्हणून न काढणारे रुग्ण पुष्कळ भेटतात.

ही गोष्ट कारखान्यांतही फार पूर्वी ठाऊक झाली होती. नायट्रोग्लिसरीन १८४७ साली इटलीतल्या तुरीन इथे अस्कानियो सोब्रेरो यांनी बनवलं, आणि जिभेला लावून पाहिल्यावर डोकं भयंकर दुखतं हेही त्यांनीच नोंदवलं. १८७९ साली विल्यम मरेल यांनी ते अंजायनासाठी वापरल्याचं लिहिलं. पुढे नायट्रोग्लिसरीनपासून सुरुंगाची दारू बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांचं डोकं सोमवारी ठणकायचं आणि आठवडा सरत जाई तसं थांबायचं. रविवारच्या सुट्टीत शरीर पुन्हा कोरं व्हायचं आणि सोमवारी पुन्हा तेच. हा त्रास टळावा म्हणून काही जण सुट्टीतही टोपीच्या पट्टीत थोडं नायट्रोग्लिसरीन बाळगत, अशा नोंदी आहेत. काही कामगारांना सुट्टीच्या दिवशी, नायट्रेट अचानक तुटल्यामुळे, छातीत दुखायचं. म्हणून नायट्रेट मनाने एका फटक्यात बंद करू नये, हे आजही सांगावं लागतं. काकांची डबी म्हणजे रविवार नसलेला आठवडा झाला होता.

काय बदललं

मात्रा तीच ठेवली. वेळा परत ८ आणि ३. चिठ्ठीवर या वेळी आकड्यांत लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मुलीने शंका काढली ती रास्त होती. "मग रात्री बाबांना कोण सांभाळणार?" मोकळ्या तासांत नायट्रेटचं कवच नसतं, हे खरंच आहे, आणि पहाटे ते सगळ्यात पातळ असतं. त्या वेळेसाठी मेटोप्रोलॉल आहे, त्याला असा बोथटपणा येत नाही. एकट्या नायट्रेटवर चोवीस तास झाकता येत नाहीत, म्हणूनच ते सहसा जोडीला देतात. काकांचं सगळं दुखणं दिवसा, हालचालीत होतं, तेव्हा मोकळे तास रात्री ठेवणं सोयीचं होतं. एखाद्याचं दुखणं रात्रीचंच असेल तर डॉक्टर वेळा फिरवतात आणि मोकळे तास दिवसात टाकतात. कुठेही टाका, पण टाकावेच लागतात.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "डोकं परत दुखायला लागलं." आवाजात तक्रार होती. मला मात्र बरं वाटलं, आणि ते मी त्यांना सांगूनही टाकलं. आठवड्याभरात अंघोळीनंतरचं दडपण गेलं.

दुसरी चिठ्ठी

वेळापत्रकाचा प्रश्न सुटला तरी त्या दिवशीचं काम संपलं नव्हतं. वहीच्या मागच्या पानात घडी घातलेली आणखी एक चिठ्ठी होती, दुसऱ्या डॉक्टरांची, लघवीच्या त्रासासाठी. रात्री तीन-चारदा उठावं लागायचं. प्रोस्टेट वाढलेली. गोळी लिहिली होती टॅडालाफिल ५ मिलिग्रॅम, रोज एक. "ही उद्यापासून सुरू करणार आहे," काका म्हणाले.

टॅडालाफिल, सिल्डेनाफिल ही नावं बहुतेकांना लैंगिक दुर्बलतेच्या गोळ्या म्हणून ठाऊक असतात. टॅडालाफिल प्रोस्टेटसाठीही देतात, आणि तेव्हा रुग्णाच्या मनात शंका येत नाही. नायट्रेट ज्या साखळीतून वाहिन्या सैल करतं, तिच्या शेवटी ब्रेक असतो. ही औषधं तो ब्रेकच काढून घेतात. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब इतका कोसळू शकतो की माणूस शुद्ध हरपतो, क्वचित दगावतोही. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही, जिभेखालची गोळीसुद्धा नाही. रोजचं नायट्रेट चालू असलेल्या माणसाला ही औषधं द्यायचीच नसतात.

मी मुलीला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि काकांना सरळ विचारलं, या जातीची दुसरी कुठली गोळी कधी घेता का? मुलीसमोर या प्रश्नाला "नाही"च मिळतं, आणि ते खोटंही असू शकतं. काकांनी जरा वेळ वहीकडे पाहिलं. मग म्हणाले, एका मित्राने दिलेली एक पडून आहे, घेतलेली नाही. ती टाकून द्यायची ठरली. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. नायट्रेट चालू असल्याचं त्यांना कळलंच नव्हतं, कारण काकांनी तिथे "हृदयाच्या गोळ्या चालू आहेत" एवढंच सांगितलं होतं. त्यांनी औषध बदललं. बदललेलं औषधही रक्तदाब थोडा उतरवणारं होतं, म्हणून आठवड्याने बसून आणि उभं राहून रक्तदाब मोजला: ११८ आणि १०८. चालण्यासारखा.

वहीच्या पहिल्या पानावर आता मोठ्या अक्षरांत लिहिलंय: नायट्रेट चालू आहे.

जिभेखालची

ही गोळी दुखू लागल्यावरच घ्यायची, असं काका धरून चालले होते. तिचा दुसरा उपयोग दुखण्याआधीचा आहे, आणि तो फार कमी लोकांना सांगितला जातो. अमुक काम केलं की छाती भरून येते हे ठाऊक असेल, तर नायट्रोग्लिसरीनची गोळी किंवा फवारा त्या कामाआधी ५ ते १० मिनिटं घ्यायचा. काकांकडे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची ५ मिलिग्रॅमची होती, बरेच जण जिला सॉर्बिट्रेट म्हणून ओळखतात. तिला साधारण १५ मिनिटं आधी. मग जिना.

"दाखवा बरं कशी घेता," म्हटलं, तर त्यांनी उभ्या उभ्या गोळी तोंडात टाकून पाण्याच्या घोटाची नक्कल केली. गिळली की ती आधी यकृतातून जाते, बरीचशी तिथेच संपते आणि उरलेली उशिरा काम करते. खुर्चीत बसायचं, गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळू द्यायची, थुंकी लगेच गिळायची नाही. बसूनच, कारण रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. मागच्या महिन्यात एकदा भिंत धरावी लागली होती, त्याचा उलगडा काकांना तेव्हा झाला. आणि दुखत असताना घेतली असेल तर घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत उतरलं नाही किंवा वाढलं, तर रुग्णवाहिका बोलवायची. जिने उतरत जायचं नाही, स्वतः गाडी चालवायची नाही.

तीन वाजताची झोप

प्रकरण इथे मिटलं असं वाटलं होतं. सहा आठवड्यांनी वहीत नवीन खोट दिसली. सकाळच्या गोळीपुढे रोज ८, दुसरीपुढे ३, ३, ५, ३, ६, साडेसहा. काका दुपारी झोपतात आणि उठतात तेव्हा तीन वाजून गेलेले असतात. गजर लावला तर झोपमोड, नाही लावला तर गोळी संध्याकाळवर. मोकळे तास पुन्हा आकसायला लागले होते.

माणसाच्या झोपेशी भांडून औषध चालत नाही. तेव्हा दोन गोळ्या बंद करून सावकाश विरघळणारी एकच गोळी सुरू केली, सकाळी उठल्यावर, आधी ३० आणि मग ६० मिलिग्रॅमची. दिवसभर औषध झिरपत राहतं आणि रात्री उशिरा पातळी आपोआप खाली येते. ती चावायची नाही, कुटायची नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. मग हे पहिल्यापासूनच का दिलं नाही? विचारलं तर उत्तर आहे: मात्रा हळूहळू वाढवायला साधी गोळी सोपी वाटली. आता विचार करते तेव्हा ते कारण तितकंसं भक्कम वाटत नाही.

डबी अजून वापरात आहे. मुलगी सूर्यात नायट्रेट टाकते, चंद्रात अॅटोरव्हास्टॅटिन आणि मेटोप्रोलॉलचा रात्रीचा डोस. दोन मजले न थांबता होतात. तिसऱ्याला काका आधी खुर्चीत बसून जिभेखालची घेतात.

मध्ये एकदा सकाळी सातला घाबरा फोन आला. गोळी लागूच पडत नाहीये, आख्खीच्या आख्खी शौचातून बाहेर आली. काही कंपन्यांच्या गोळीत औषध मेणासारख्या सांगाड्यात भरलेलं असतं. औषध आतड्यात झिरपून जातं आणि रिकामा सांगाडा तसाच बाहेर पडतो. ते टरफल आहे, काका, दाणा आत गेलाय, असं सांगितलं.

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "म्हणजे वहीत लिहायचं नाही ना हे?"